जीपची चाबी अन् नवा प्रोसेसर

चंद्रपूरची लाल गाडी आमच्या घरासमोरून गेली की मी खाटेवर बसल्याबसल्या सांगतो, कोणत्या गिअरवर आहे अन् चालवणारा नवा आहे की मुरलेला. नवा असला की वळणावर गिअर रगडते. मंग मी ओरडतो, "अरे, क्लच पुरा दाब ना बे!" त्याले काय ऐकू जाणार! पण बायकोले जाते. ती सैपाकघरातून म्हणते, "झालं सुरू तुमचं."

मी तरी काय करू? सारी उमर एसटी चालवत सडकेवर गेली. चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, अन् तेच उलटं. रिटायर झालो तं लोक म्हणे, आता आराम करा. आराम! घरात बसलो की मले वाटे, कोणी कोंडून ठेवलं. म्हणून एक जुनी जीप घेतली अन् ब्रह्मपुरी ते वडसा सवारी भरून काळीपिवळी चालवाले लागलो. सकाळी वैनगंगेच्या पुलावर हवा लागली की माझा दिवस बरा जाये.

मंग एका उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला. हलकासा. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, हात उचलाले लागला, मी चालाले लागलो. डॉक्टरसाहेब म्हणे, "सध्या गाडीले हात लावायचा नाही. उजवा पाय अजून उशिरा ऐकतो." सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते त्यायनं सांगतलं नाई अन् मी विचारलं नाई. बायकोनं त्याच दिवशी जीपची चाबी लपवली. कुठी लपवली हे मले माहीत होतं, तांदळाच्या कोठीत. मले माहीत आहे हे तिले माहीत होतं. पण तिच्या कोठीत हात घालायची माझी हिंमत नाई, हेबी तिले माहीत होतं.

पाय उशिरा ऐकते म्हणे! पाय काय सरकारी बाबू आहे? मी पायऱ्या चढून दाखवल्या, आंगणात चकरा मारून दाखवल्या, एका पायावर उभा राह्यलो अन् तुळशीच्या कुंडीले धरून पडता पडता वाचलो. बायको नुसती पाहात राह्यली. ती बोलली असती तं मी भांडलो तरी असतो.

जीप कडुनिंबाखाली उभी. मी सकाळी तिच्यावरचा पाला झाडायचो, चहा प्यायचो, फाटकापर्यंत जायचो, परत येऊन काच पुसायचो, पुन्हा फाटकावर. पायाले भिंगरी लागलेला माणूस मी, अन् मले आंगणात फिरवून राह्यले होते. वडश्याचे माझे रोजचे पाशिंजर सडकेवरून दुसऱ्या जीपमधी बसून जात. कोणी हात करे. मले तो हात पाह्यला की जेवण गोड लागत नसे.

आमची पोरगी इथीच कॉलेजात कम्प्युटर शिकवते. एक दिवस ती मोठं खोकं घेऊन आली. आत स्टिअरिंग, अन् खाली ठेवायचे तीन पेडल. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनं सांगतलं होतं की पायाले काम देत जा, म्हणून हिनं हे शोधून काढलं. टेबलाले स्टिअरिंग आवळलं, आपला कम्प्युटर लावला अन् बस चालवायचा गेम सुरू केला. कोण्या कलाकार पोरायनं त्यात आपल्याकडची सडक, ढाबा, सागाची झाडं, लाल गाडी, सारं बनवून टाकलं होतं.

मी म्हटलं, "हे पोरायचे खेळ मले काऊन दाखवतेस?"

"बसून तं पाहा, बाबा."

बसलो. डिझेलचा वास नाई, सीट हालत नाई, पाठीले घाम नाई. पण पहिला गिअर टाकला अन् सडक माझ्याकडे याले लागली, तेव्हा डोळ्यात पाणी आलं. खोटं काऊन सांगू.

सवयी काही जात नाईत. आपल्या जंगलातल्या सडकेवर एक रानडुक्कर आडवं गेलं की शहाणा ड्रायव्हर लगेच गाडी काढत नाई. त्याच्या मागून दुसरं येते, मंग पिल्लं येतात. घाई केली त्याचा रेडिएटर फुटलाच समजा. तं गेममधी एक गाय आडवी गेली की मी थांबूनच राहो. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत. पोरगी म्हणे, "बाबा, त्यांनी एकच गाय टाकली आहे."

"एकटी गाय कुठी असते काय!" मी म्हणो.

मी रोज बसाले लागलो. सकाळी, दुपारी, विजेची लाइन असन तेव्हा. बायकोले कीर्तनासारखं रोज तेच ऐकावं लागे, हे वळण, तो घाट. शेवटी वैतागून तिनं पोरीसमोर जबान दिली. "एवढं चालवून राह्यले ना? मंग या डेपोतून त्या डेपोत गाडी न्या. कोणाले ठोकू नका. न ठोकता नेली तं घ्या तुमची चाबी."

"पक्कं?"

"हातच्या कांकणाले आरसा कशाले? चालवा अन् दाखवा."

मले वाटलं, चाबी हातात आलीच. काय मोठी गोष्ट होती! पण तिथीच माशी शिंकली. जंगलाची सडक लोण्यासारखी पार होई, अन् शहराचा बाजार लागला, ऑटो, ट्रक, सायकली भोवती जमल्या, की चित्र अटके. डोळ्याची पापणी लवावी एवढंच. पण पुन्हा हाललं की मी कोणाच्या तरी डिक्कीत. ठो! पुन्हा डेपोतून सुरू करा, पुन्हा बाजार, पुन्हा ठो.

बायको म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अगं, अंगण खरंच वाकडं आहे!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकाले लागलं. "मशीन अटकून राह्यली, मी नाई!"

तिचा विश्वास बसला नाई. अन् खरं सांगू, रात्रभर कूस बदलताना माझाबी पुरा बसत नसे. माझ्यासाठी सारी गोष्ट एवढ्यावर येऊन टेकली होती, की बाजारात अटकते ते मशीन, की मी? मशीन असन तं चाबी माझी, पूल माझा, वडसा माझं. मी असीन तं... हे पुढचं मी मनातबी पुरं करत नसो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा दिसे. मी त्याले गाडीची स्पीड समजत होतो. बाजार आला की आकडा खाली येई, अन् मी मनात म्हणो, शहाणी गाडी आहे, गर्दी पाहून आपोआप धीमी होते. एक दिवस हे पोरीले सांगतलं तं ती हसून लोटपोट. म्हणे, "बाबा, तो स्पीडचा नाही. एका सेकंदात किती चित्रं दाखवून राह्यला, त्याचा आकडा आहे. चित्रं कमी पडली की अटकल्यासारखं दिसते."

मी खुर्चीवरून उठलोच. "म्हणजे मशीन स्वतः कबूल करून राह्यली! आईले बोलाव तुझ्या! दाखव तिले!"

बायको आली, आकडा पाह्यला अन् म्हणाली, "मले काय समजते त्यातलं. अटकते तं दुरुस्त करा ना मंग."

आता दुरुस्त करायचं तं काय? बाजारपेठेतले कम्प्युटरच्या दुकानातले भाऊ म्हणे, "ग्राफिक कार्ड बदला. गेमसाठी प्रोसेसर बदलून काय भेटते? सब पैसा पानी में." पोरगी ऐकून घरी आली, पण तिले पटलं नव्हतं. ती माझ्यासारखीच आहे, स्वतः उघडून पाह्यल्याशिवाय मानत नाई.

तिनं काय केलं, गेमचं चित्र मुद्दाम गचाळ केलं. झाडं पुठ्ठ्याची दिसाले लागली, लाल गाडी नुसता डब्बा. मंग म्हणाली, चालवा. जंगलाच्या सडकेवर हिरवा आकडा टुणकन वर चढला. पण बाजार आला तं आकडा जिथी पडायचा तिथीच पडला. अटकणं जसंच्या तसं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "चित्र काढायचं काम कार्डाचं. ते काम एवढं हलकं केलं, तरी बाजारात फरक नाही. म्हणजे तिथी कार्ड बिचारं मोकळं बसून आहे. प्रोसेसर पुरा पडत नाही. एवढे ऑटो, एवढे ट्रक, कोण कुठी वळणार, कोण थांबणार, ते सगळं त्याले ठरवावं लागते. ते ठरल्याशिवाय कार्डाले पुढचं चित्र काढताच येत नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं, हा तं कंडक्टर आहे!"

"कोण?"

"तुझा प्रोसेसर. अन् कार्ड म्हणजे इंजिन. सिंदेवाहीच्या स्टँडवर बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरली. इंजिन धडधडून राह्यलं, मी गिअर टाकून बसलो. पण कंडक्टरची तिकिटं फाटून झाल्याशिवाय डबल बेल नाई, अन् डबल बेलशिवाय गाडी हालत नाई. इंजिन कितीबी मोठं बसव, कंडक्टर ढिला असला तं गाडी स्टँडवरच उभी! अन् जंगलाच्या सडकेवर स्टॉपच नाई, तं ढिला कंडक्टरबी चालते."

पोरगी माझ्याकडे पाहातच राह्यली. म्हणे, "बाबा, हे मी उद्या वर्गात सांगते." मंग तिनं बजावूनबी ठेवलं, "पण ऐका. जंगलातल्या सडकेवर काहीच वाढणार नाही. बाजारात वाढन, अन् तेबी किती, ते बसवल्याशिवाय सांगता येत नाही." आपल्या कम्प्युटरच्याच बोर्डात बसणारा जास्त ताकदीचा प्रोसेसर, त्याच खानदानातला मोठा भाऊ, तिनं नागपूरहून मागवला.

तो येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, मलेच ठाऊक. स्कुटरचा आवाज आला की फाटकावर. पोस्टमन दिसला की फाटकावर. बायको म्हणे, "पोरीच्या वेळी दवाखान्यात एवढे नव्हते फिरले." मी म्हटलं, "तेव्हा डेपोनं सुट्टी दिली नव्हती." ती हसली नाई. तिच्या पोटात काय चाललं होतं ते मले तेव्हा समजलं नाई. मी चाबीच्या तंद्रीत.

पार्सल आलं त्या रविवारी पोरीनं कम्प्युटर खोलला. आत धानाच्या मळणीची धूळ, पंख्याच्या पात्यावर तूस. ब्रशनं सारं साफ केलं. पंखा काढला, एक बारीकशी दांडी वर उचलली अन् जुना प्रोसेसर अलगद निघाला. बिस्किटाएवढा! मी म्हटलं, एवढ्याशा तुकड्यानं मले इतकं नाचवलं? नवा बसवला, वर मुगाच्या दाण्याएवढी पांढरी पेस्ट लावली. त्यावर पंखा ठेवून स्क्रू आवळाले मी पान्ह्यासारखा जोर लावला तं ती ओरडली, "बाबा, ट्रकचा नट नाही तो!" बायको हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. नवी वस्तू आहे, बोट लावते म्हणे. पोरीनं घाईघाईनं झाकण लावलं. "आई, आत नको, डब्यावर लाव." डब्यावर लावलं.

पोरीनं आधी स्वतः चालवून पाह्यलं. जंगलाच्या सडकेवर आकडा होता तेवढाच, जरा इकडंतिकडं. पण बाजार आला! ऑटो आले, ट्रक आले, सायकली आल्या, अन् आकडा पडलाच नाई. चित्र कुठीच अटकलं नाई, पाटाच्या पाण्यासारखं वाहात राह्यलं. सारे ऑटो खऱ्यासारखे वळून राह्यले होते. दुकानवाल्या भाऊले तिथीच आणून दाखवावं असं मले झालं.

"ऊठ," मी म्हटलं. "आत्ताच होऊन जाऊ दे."

"बाबा, जरा प्रॅक्टिस करा."

"प्रॅक्टिस कायची? मी काय शिकाऊ आहे?"

बायको सुपात लाखोळीची डाळ निवडत खाटेवर बसली. मी बेल्ट नसलेल्या खुर्चीत बेल्ट लावायचा हात केला, देवाले नमस्कार केला अन् गाडी काढली. सागाचं जंगल गेलं. गाय आडवी गेली, मी थांबलो. बायको म्हणाली, "काऊन थांबले?" पोरगी म्हणाली, "दुसरीची वाट पाहून राह्यले." दोघी हसल्या. मीबी हसलो. घाट उतरलो, पूल पार केला. मन असं हलकं झालं होतं की काय सांगू. बाजार लागला. एक ट्रक उभा होता, त्याले वळसा घातला. सायकलवाले सांभाळले. डेपोची कमान समोर दिसाले लागली.

तेवढ्यात डाव्या बोळीतून एक ऑटो निघाला. मी दाबला ब्रेक, थांबलो. ऑटो गेला. मले माहीत होतं, मागून दुसरा असणार. डुकरायचं अन् ऑटोवाल्यायचं एकच, एकटा कोणी निघत नाई. तरी कमान दिसून राह्यली होती, म्हणून मी हळूच गाडी सोडली, नजर बोळीवरच. अन् आलाच दुसरा. त्याचं पुढचं चाक दिसलं, पिवळं टप दिसलं. मी तोंडानं "थांब" म्हटलं, हे मले पक्कं आठवते. पायाले सांगतलं. पायानं ऐकलंबी. पण उशिरा. ठो.

बायकोचा सुपातला हात थांबला होता.

मंग पोरगी म्हणाली, अगदी सहज, "अटकलं ना बाबा ते? नवा प्रोसेसर आहे, गरम झाला असन."

मी बायकोकडे पाह्यलं. आता ती अंगणाची म्हण काढणार असं मले वाटलं. ती उठली. सूप खाटेवर ठेवलं, आत गेली, कोठीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात चाबी होती, कोंड्याच्या पिठानं पांढरी झालेली. ती तिनं पदरानं पुसली अन् माझ्यापुढं धरली.

"घ्या," ती म्हणाली. "मीबी पाह्यलं. अटकलं ते."

या बाईनं जलमभर माझ्याशी खोटं बोलायचं पाप केलं नाई. माझा चेहरा तेव्हा कसा झाला असन, की तिनं ते केलं. माझा हात पुढं गेला. हो, गेला. चाबीच्या दोन बोटं अलीकडं येऊन राह्यला. मले पूल दिसून राह्यला होता, सकाळची हवा, मागं बसलेले माझे पाशिंजर, कोणाच्या मांडीवर लेकरू.

"नाई अटकलं," मी म्हटलं.

"बाबा..."

"आकडा पाह्य ना कोपऱ्यातला. हाललासुद्धा नाई. मशीन चांगली आहे. पाय अटकला."

मले रडू नाई आलं, राग आला. एवढा राग, अन् काढावा तं कोणावर? मशीनवर काढत होतो, तीबी आता दुरुस्त झाली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाई म्हणतात. मी चाबी तिच्या हातातून घेतली, पोरीच्या हातात दाबली अन् तडक बाहेर आलो. जीपपाशी गेलो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नाई उघडलं. डावीकडून चढलो अन् बसलो. बऱ्याच वेळानं बायकोनं तिथीच चहा आणून दिला अन् बोनेटवरचा पाला झाडत उभी राह्यली.

पोरीपाशी लायसन होतं, पण स्कुटीपलीकडं तिनं काही चालवलं नव्हतं. मी शिकवलं. मास्तर म्हणून मी वाईट आहे, ती दोनदा रडली अन् एकदा मले सडकेवर उतरवून निघून गेली, मंग परत घ्याले आली. आता ती कॉलेज नसलं की मले वडश्यापर्यंत फिरवून आणते. पाशिंजर नसतात. बायको मागच्या सीटवर बसते अन् पुलावर नदीले हात जोडते. निघताना मी बाहेरून पत्र्यावर हातानं ठकठक करतो, डबल. त्याशिवाय पोरगी गिअर टाकत नाई.

गेल्या आठवड्यात सकाळी निघालो होतो. पुलाच्या अलीकडं, धानाच्या बांधीतून एक रानडुक्कर भस्सकन सडकेवर आलं. मी उजवा पाय जोरानं दाबला. माझ्या पायाखाली ब्रेक नाई, नुसता पत्रा आहे, तरी मी दाबतोच, रोज दाबतो. पाय पत्र्यावर पडला तेव्हा जीप आधीच थांबली होती.

पोरीनं ते पाह्यलं. डुक्कर पलीकडं उतरलं. तिचा हात गिअरवर गेला.

"थांब," मी म्हटलं. "मागून येतात."

अन् आलेच. दुसरं आलं, मंग पिल्लं, एकामागं एक. शेवटचं पिल्लू बांधीत उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मंग मी बाहेरून पत्र्यावर दोनदा ठोकलं.